खबर दुसऱ्यांदा विचारायची असते

आमच्या वॉर्डात दुखण्याला आकडा लागतो. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे जीव नकोसा. पेशंटने आकडा सांगायचा, आम्ही तो कॉम्प्युटरवर चढवायचा आणि डॉक्टरांनी त्यावर औषध ठरवायचं. मस्कतच्या या हॉस्पिटलात, कान-नाक-घशाच्या वॉर्डात, मी इतकी वर्षं काढली आहेत की घरात कुणी नुसतं 'आई गं' म्हटलं तरी माझ्या तोंडून आधी "किती?" निघतं.

त्यामुळे हा म्हातारा आला तेव्हा पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं. श्वास घेताना त्याच्या घशातून बारीक शिट्टी वाजायची. घोटभर पाणी गिळलं की डोळ्यांत पाणी यायचं. आणि मी माझ्या हॉस्पिटली अरबीत विचारलं, "बाबा, दुखतंय का?" की उत्तर ठरलेलं. "खैर." म्हणजे छान, सगळं बरं आहे. मी बोटं दाखवली, रडक्या आणि हसऱ्या चेहऱ्यांचा तक्ता दाखवला. "खैर." शिवाय मी पाठ फिरवली की जिभेने टाळूवर टक्-टक् असा आवाज काढायचा. मला वाटलं, मलाच हिणवतोय. मी वसईची आहे. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मला सहन होत नाहीत.

संध्याकाळी त्याचा मुलगा आला. चाळिशी ओलांडलेला, मस्कतच्याच अझैब्यात राहणारा, कुठल्याशा सरकारी ऑफिसात साहेब. कडक इस्त्रीचा पांढरा पायघोळ दिशदाशा आणि माझ्याहून चांगलं इंग्रजी. मी म्हाताऱ्यावर आवाज चढवत होते ते त्याने दारातूनच पाहिलं असणार. भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेलं स्टूल त्याने ओढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"सिस्टर, आधी बसा."

ड्यूटीवर आम्ही बसत नाही. मी तसं म्हटलं.

"म्हणूनच ते सांगत नाहीत. आमच्यात उभ्याने विचारलं तर 'खैर' एवढंच सांगायचं असतं."

मग त्याने मला समजावलं. त्यांच्याकडे कुणी वाळवंटातून वस्तीवर आला की आधी नाकाला नाक लावून भेट. मग खबर विचारायची. येणाऱ्याने म्हणायचं, खैर. सकाळी बापाला पुरून आला असला तरी खैर. मग त्याला बसवायचं, कॉफी द्यायची, आणि मग पुन्हा विचारायचं, खबर काय? खरं काय ते तेव्हा बाहेर येतं. "पहिलं विचारणं म्हणजे नुसता सलाम, सिस्टर. खबर दुसऱ्यांदा विचारायची असते."

मी बसले. कॉफी कुठून आणू, पाण्याचा कप म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि दुसऱ्यांदा विचारलं. म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. मग मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला की आडवं झालं की कुणीतरी गळ्यात दोरी घालून ओढल्यासारखं होतं, आणि ओढणारा दमत नाही. मी आठ चढवला.

त्याची अरबी मोडकी का, हे मला तेव्हा कळेना. ओमानी माणूस, डोक्याला दक्षिणेकडच्या धोफारी पद्धतीने गुंडाळलेलं फडकं, आणि अरबी माझ्याइतकीच. माझ्याबरोबरची नर्स सूरची, अस्सल ओमानी. तीही एकदा त्याच्या पलंगाजवळ कान देऊन उभी राहिली आणि खांदे उडवून आली. "दिवसभर फोनशी बोलतात. मला एक शब्द कळला तर शपथ."

ती भाषा मेहरी. मुलाने सांगितलं तेवढंच मी सांगते. धोफारच्या वाळवंटाच्या कडेने आणि सरहद्दीपलीकडे येमेनात मेहरी लोक राहतात, उंटवाले. त्यांची भाषा अरबीच्या नात्यातली, पण अरबीची लेक नव्हे, तिच्या बरोबरीची म्हातारी. तिला शाळा नाही आणि स्वतःची लिपी नाही. आताची पोरं फोनवर अरबी अक्षरांत काहीबाही लिहितात, पण जुन्या माणसांना मुळात वाचताच येत नाही. ती बोलतात आणि ऐकतात, बस्स.

मला हे कळायला वेळ लागला नाही. आमच्या वसईच्या बोलीचंही असंच आहे. माझी आई त्या बोलीत बोलते, भांडते आणि रोझरीनंतरची गाऱ्हाणी देवाला त्याच बोलीत सांगते. माझी मुलगी इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकते. व्हिडिओ कॉलवर आजी दिसली की ती गोड हसते, "आजी, कशी आहेस? मी पण फाइन," म्हणते आणि फोन माझ्या हातात देते. म्हणजे खैर. दुसऱ्यांदा विचारण्याइतके शब्द आजी-नातीकडे नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

म्हाताऱ्याचं दिवसभराचं बोलणं बहिणीशी असायचं. ती सरहद्दीपलीकडे, नवऱ्याच्या माणसांत. आईबापाची एवढी दोनच लेकरं आता उरलेली. वाळवंटात नेटवर्क येतं-जातं, म्हणून दोघं आवाज भरून पाठवायचे. तिचा खरखरीत, घाईचा आवाज वॉर्डभर घुमायचा. ती खबर विचारायची, हा खैर म्हणायचा. ती पुन्हा विचारायची, मग हा सविस्तर बोलायचा, उंटांबद्दल, कुठे चारा उगवला त्याबद्दल. हे मला मुलाने सांगितलं. आणि ते टक्-टक्ही त्यानेच सांगितलं. लहानपणी दोघं मिळून उंट वळायची, संध्याकाळी त्यांना परत बोलवायची ती हाक. आता उंट कुठले, पण बोलणं संपवताना दोघं एकमेकांना ती हाक मारायची. मी मनातल्या मनात म्हाताऱ्याची माफी मागितली आणि कामाला लागले.

तपासण्यांचे निकाल आले. डॉक्टरांनी मुलाला आणि म्हाताऱ्याला समोर बसवून सांगितलं की गाठ स्वरयंत्रात आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला खाली भोक राहील, श्वास तिथून. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. थांबलात तर गाठच श्वास बंद करील.

"समजलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"खैर," म्हातारा म्हणाला.

डॉक्टर निघाले होते. मी म्हटलं, "सर, जरा बसा आणि पुन्हा विचारा." मला वाटलं ओरडतील, पण पलंगाच्या कडेला टेकले बिचारे. दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हातारा म्हणाला, कापा. पण आधी मी बहिणीकडे जाऊन येतो.

इथे सगळं घोडं अडलं. बहिणीला वाटत होतं, भाऊ मस्कतला मुलाकडे घशाची खवखव दाखवायला गेलाय. त्यांच्यात वाईट बातमी फोनवर देत नाहीत. मरण असो की मोठं दुखणं, माणसाने जायचं, समोर बसायचं, दुसऱ्यांदा विचारू द्यायचं आणि मग सांगायचं. "फोनवर सांगणं म्हणजे दगड मारून पळून जाणं," मुलगा म्हणाला. आणि न सांगता आवाज बंद होणं त्याहून वाईट. जो माणूस रोज बोलतो तो एक दिवस गप्प झाला तर ती काय समजेल? म्हाताऱ्याला पत्र लिहिता येत नव्हतं, तिला वाचता येत नव्हतं, आणि ज्या भाषेत ती दोघं एकमेकांची होती ती फक्त घशात होती.

डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला. वाटेत श्वास अडकला तर वाळवंटात कोण बघणार? म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. संमतीच्या कागदावर अंगठा द्यायला तो तयार होईना.

त्या दिवशी मी हमरिया भागातल्या आमच्या घरी गेले ती धुसफुसतच. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हॉटेलच्या किचनमध्ये, दिवसभर ऑर्डरी सोडणारा माणूस.

"अगं, हल्ली लग्नंसुद्धा व्हिडिओ कॉलवर लागतात. मुलाला सांग, एक कॉल कर, बोलून टाक. खलास."

"तुमचे डॅडी गेल्याची बातमी तुम्हाला फोनवरच कळली होती," मी म्हटलं. "जेवत होतात तुम्ही."

डॅडींच्या त्या बातमीपासून आजतागायत जेवताना फोन वाजला तर माझा नवरा तो उचलत नाही. ताटावरून उठून, हात धुऊन, मग बघतो. मी बोलायला नको होतं असं नाही, पण जरा हळू बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "मी जातो आत्याकडे." म्हाताऱ्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलला. मुलाचे कान लाल झाले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझ्या तोंडून ती बातमी बकरीच्या तोंडातल्या पाल्यासारखी बाहेर येईल."

मला हसू आवरलं नाही, आणि त्यालाही. पण खरं होतं ते. आत्याला अरबी जेमतेम. हा लहानपणीच शिकायला सलालाला गेला, मग मस्कतला. बाप मेहरीत बोलायचा, हा अरबीत उत्तर द्यायचा, आणि इतकी वर्षं दोघांचं भागत होतं. मेहरी त्याला सगळी कळायची. पण तोंडात पाच वर्षांच्या पोराची.

म्हातारा दुपारभर डोळे मिटून पडला. मला वाटलं झोपलाय. संध्याकाळी मुलगा आला तेव्हा म्हाताऱ्याने स्टुलाकडे बोट केलं आणि एकच शब्द बोलला. तो मेहरी होता तरी मला कळला. बस.

आणि मग रोज भेटीच्या वेळेत बाप मुलाला शिकवायला लागला. मी पडदा ओढून घ्यायची. खरं म्हणजे म्हाताऱ्याने बोलूच नये अशी सूचना होती आणि ती पाळायची जबाबदारी माझी. मी फक्त पाण्याचा कप भरत राहिले. बाप एक वाक्य म्हणायचा, शिट्टी वाजायची, मुलगा ते परत म्हणायचा. बाप मान हलवायचा. परत. नुसती वाक्यं नव्हती ती. कुठे बसायचं, कॉफीचा पहिला कप कधी खाली ठेवायचा, सुरुवात उंटांपासून करायची, मग पाऊस, मग मस्कत, मग घसा, आणि आवाजाचं सगळ्यात शेवटी. तिच्या आधी आपण रडायचं नाही, हेसुद्धा.

त्यांच्या भाषेत एक आवाज आहे, जिभेच्या कडेने हवा सोडून काढायचा. मुलाला तो काही केल्या जमेना. मी आणि सूरच्या नर्सने आमच्या खोलीत दार लावून करून बघितला. दोघींनी एकमेकींच्या अंगावर थुंकी उडवली आणि नाद सोडला.

एकदा भेटीची वेळ संपून गेली तरी शिकवणी चालू होती. आमची मॅट्रन पडद्याशी येऊन उभी राहिली. "सिस्टर, हे काय चाललंय?"

"प्री-ऑप काउन्सेलिंग, मॅडम," मी म्हटलं.

ती घड्याळाकडे बघून निघून गेली. ऑपरेशनआधीचं समजावणंच चाललं होतं, मी खोटं बोलले नव्हते.

त्या संध्याकाळी मुलगा बाहेर कॉरिडॉरमध्ये पाणी प्यायला आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. "सिस्टर, ऑफिसात माझ्या सहीशिवाय फाइल हलत नाही. आणि माझ्याच आत्याशी बोलायला मला शिकवणी लागते." मी माझ्या मुलीचं सांगितलं. तो म्हणाला, "मग तिला लवकर बसवा स्टुलावर." मला राग आला, कारण तो बरोबर होता.

अखेर एके दिवशी मुलाने सगळी बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. म्हातारा मध्ये बोलला नाही. संपल्यावर त्याने दोन्ही हातांनी मुलाचं डोकं धरून जवळ ओढलं आणि नाकाला नाक लावलं. मग माझ्याकडे वळून अंगठा पुढे केला. मी शाईचं पॅड आणायला धावले.

ऑपरेशनच्या सकाळी तो बहिणीशी बोलला, नेहमीसारखं, शेवटी टक्-टक् केलं आणि फोन माझ्याकडे दिला. थिएटरच्या दाराशी ट्रॉली थांबली. मी विचारलं, "बाबा, खबर?"

"खैर."

तिथे स्टूल नव्हतं. मी सरळ जमिनीवर उकिडवी बसले, ट्रॉलीच्या दांड्याला धरून, आणि दुसऱ्यांदा विचारलं. वॉर्डबॉय माझ्याकडे बघत होता, बघू दे. म्हातारा अरबीत म्हणाला, "भीती वाटते." त्याच्या आवाजात मी ऐकलेले हे शेवटचे शब्द. मी म्हटलं, मलाही. मग दार उघडलं.

ऑपरेशन चांगलं झालं. बाप शुद्धीवर आलेला पाहून मुलगा विमानाने सलालाला गेला आणि तिथून गाडीने सरहद्दीकडे. त्याचा हिशेब असा की आत्याला शंका यायच्या आत आपण पोचू. पण सरहद्दीवरचं फाटक बंद होतं, कधी उघडेल ते कुणी सांगेना. इन्शाल्ला, एवढंच उत्तर. तो गाडीतच बसून राहिला.

इकडे तिचे आवाज येत राहिले. म्हातारा नाकात नळी, गळ्याशी भोक, अशा अवस्थेत फोन कानाशी धरून ऐकायचा. मला मेहरी येत नाही, पण खबर विचारणारा तिचा शब्द मला एव्हाना पाठ झाला होता. आधी तो गप्पांच्या सुरुवातीला यायचा. मग नुसता तोच यायला लागला. एकदा, पुन्हा एकदा. आमच्याकडे मुक्या पेशंटसाठी चित्रांचा बोर्ड असतो, पाणी, शौचालय, दुखणं, डॉक्टर. म्हाताऱ्याने तो बराच वेळ न्याहाळला आणि पालथा घालून ठेवला. त्यात बहीण नव्हती.

मला राहवेना. मी जिभेने टक्-टक् करून दाखवलं आणि फोनकडे बोट केलं. जीभ तर शाबूत होती, तेवढं तरी पाठवा. त्याने मान हलवली, नाही. बातमी पोचायच्या आधी नुसतं खैर पाठवणं त्याला मंजूर नव्हतं. त्याच्या डोळ्यांच्या कडांना पाणी होतं आणि मी काहीही करू शकत नव्हते. ड्यूटी संपवून घरी गेले तर मुलीने विचारलं, "मम्मा, आर यू ओके?" मी म्हटलं, हो. मग स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली आणि तिला म्हटलं, "बस इथे. पुन्हा विचार. आपल्या भाषेत विचार." ती अडखळत बोलली, मी सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डचा फोन वाजला. मुलगा होता. आवाज बसलेला.

"सिस्टर, फाटक उघडलं. पोचलो. सांगितलं. सगळं, त्यांनी शिकवलं तसं."

"मग?"

"आत्याने मला एकदाही सुधारलं नाही. आता ती म्हणतेय, तू सांगितलंस, ऐकलं. आता मी त्याला विचारते."

मी म्हाताऱ्याकडे गेले तोवर त्याच्या फोनवर तिचा आवाज आलेला होता. तोच एक शब्द. खबर? या वेळी त्याने मला खूण केली. मी फोन स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, तो पुसल्याशिवाय मी काही त्याच्या तोंडाजवळ जाऊ देणार नव्हते. त्याने बटण दाबलं आणि जिभेने टक् केलं. पहिल्यांदा नुसती लाळ आली. त्याने ओठ पुसले, पुन्हा केलं. या वेळी स्वच्छ आलं, टक्-टक्, उंट परत बोलवायची हाक. खैर.

उत्तर लगेच आलं. आधी तीच हाक, तिच्या जिभेने. मग तिने पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा.

म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. त्याने स्टुलाकडे बोट केलं. मी बसले. मग त्याने गळ्यावरचं कापड बाजूला सारलं, बटण दाबलं आणि फोन गळ्याच्या भोकाशी धरला. मी थांबवायला हवं होतं, पण थांबवलं नाही. श्वास आत गेला, बाहेर आला. पुन्हा आत गेला, बाहेर आला. तो घाई करत नव्हता. बराच वेळ त्याने तिला तो ऐकू दिला, मग बटण सोडलं.

आम्ही वाट बघत बसलो. तिचं उत्तर आलं, थोडकंच. त्याने डोळे मिटून ऐकलं, आणि फोन छातीवर ठेवला. त्याचा चेहरा बघून मला काही कळेना. मी उठून वॉर्डच्या फोनवरून मुलाला लावला.

"आत्या काय म्हणाली?"

"म्हणाली, किती दिवस तुझ्या श्वासात शिट्टी ऐकत होते. रोज दुसऱ्यांदा विचारत होते आणि तू उंटांचंच सांगत होतास. आता शिट्टी गेली, म्हणाली. मग म्हणाली, खैर."